हेलसिंकी ते लिस्बन: अंतर एकच, वेळ मात्र दोन

मुलगी लिस्बनला शिकायला गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा तिकडचं तिकीट काढलं आणि छापलेल्या वेळांची सरळ वजाबाकी केली. हेलसिंकीहून सकाळी ७:५० ला सुटणार, लिस्बनला १०:५५ ला पोचणार. म्हणजे तीन तास पाच मिनिटं. तिकीट विकणाऱ्या साइटनेही खाली बारीक अक्षरात तेवढंच लिहिलं होतं. एवढ्याशा प्रवासाला बरोबर खायला कशाला घ्यायचं, म्हणून गेटजवळ एक कॉफी प्यायले आणि विमानात जाऊन बसले. तीन तासांनी खिडकीतून पाहिलं तर खाली फ्रान्सची शेतं. पोटात कावळे कोकलत होते. पाच तासांनी एकदाची उतरले तेव्हा मुलगी हसत म्हणाली, "अगं आई, इथलं घड्याळ दोन तास मागे असतं. आणि म्हणे जन्मभर हिशेब लिहिले!"

लिहिलेत खरे. एका गोदामाच्या हिशेबात माझी सत्तावीस वर्षं गेली, आणि ताळा जुळल्याशिवाय मला अजूनही झोप लागत नाही. म्हणून ती चूक फार लागली. तेव्हापासून प्रत्येक फेरीची नोंद एका वहीत ठेवते: दार कधी बंद झालं, चाकं कधी उचलली, कधी टेकली, दार कधी उघडलं. दोन शहरांतलं अंतर आणि विमानाला लागणारा खरा वेळ काढायची जी रीत खाली सांगते, ती त्या वहीतून आलेली आहे. युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांना ती लागू पडते. उदाहरण मात्र माझ्याच वाटेचं घेते, कारण ते आकडे मला तोंडपाठ आहेत.

सुरुवात दोऱ्यापासून करा. माझ्या टेबलावर तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. शिवणाचा दोरा घ्या, लोकर नको, ती ताणली जाते. एक टोक हेलसिंकीवर अंगठ्याने दाबा, दुसरं लिस्बनवर आणा आणि दोरा घट्ट ओढा. सैल दोरा कुठूनही जाईल. ताणलेला दोरा आपण होऊन सगळ्यात जवळची वाट धरतो. आता तो पट्टीवर धरा. माझा ७.९ सेंटिमीटर भरतो. ७.९ गुणिले ४२५, म्हणजे ३,३५७ किलोमीटर. एका मिलिमीटरची चूक ४२ किलोमीटरला पडते, तरी पाच मिनिटांच्या कामाला हे उत्तर वाईट नाही.

दोरा काढण्याआधी तो कुठून जातो ते बघून घ्या, त्यात खरी गंमत आहे. हेलसिंकीहून बाल्टिक समुद्र, स्वीडनचा आग्नेय किनारा, जर्मनीतला कील कालवा, मग ब्रसेल्सच्या अंगावरून, पॅरिसला थोडं डावीकडे ठेवून बिस्केचं आखात, स्पेनमधलं लिओन आणि लिस्बन. वाटेचा बरोबर मध्य ब्रसेल्सपाशी येतो. भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती ब्रसेल्सला शिवतसुद्धा नाही. त्याच रेखांशावर पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेला, फ्रान्समधल्या त्र्वा गावावरून जाते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ यावरून मोठं व्याख्यान देतात, की नकाशावरची सरळ रेघ कशी फसवी आणि गोलावरची वाट कशी आखूड. खरं आहे, पण अटलांटिक ओलांडताना. युरोपातल्या युरोपात दोन्ही वाटांच्या लांबीत फरक किती? मी मांडून पाहिलं: तीसेक किलोमीटर. शेकड्याला एकसुद्धा नाही.

सपाट नकाशाची खरी लबाडी प्रमाणात असते. मर्केटरने १५६९ मध्ये ज्या पद्धतीचा नकाशा काढला, त्यात उत्तरेकडे जावं तसं सगळं फुगत जातं. विषुववृत्ताच्या मानाने लिस्बन सव्वापटीहून थोडं जास्त, हेलसिंकी दुप्पट. त्यामुळे खालच्या कोपऱ्यातली प्रमाणपट्टी धरून उत्तर युरोपातलं अंतर मोजू नका.

दोऱ्याचं उत्तर हाती आलं की कॅल्क्युलेटरने ताळा करा. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरांत साइन, कोसाइन दिसतात. आधी एक परीक्षा: साइन ३० काढा. ०.५ आलं तर पुढे चला. उणे ०.९८८ आलं तर यंत्र रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या मापात आहे, ते अंशांवर आणा. आता विमानतळांचे अक्षांश-रेखांश लिहा. शहराचे नकोत, विमानतळाचेच. हेलसिंकी: ६०.३२ उत्तर, २४.९६ पूर्व. लिस्बन: ३८.७७ उत्तर, ९.१३ पश्चिम.

दोन्ही अक्षांशांचे साइन एकमेकांना गुणा: ०.८६८८ × ०.६२६२ = ०.५४४०.

दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणून त्याला रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.४९५२ × ०.७७९७ × ०.८२८२ = ०.३१९८.

बेरीज ०.८६३८. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की ३०.२५ अंश. पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर दोन शहरांमध्ये एवढा कोन आहे.

इथे मी पहिल्यांदा माती खाल्ली होती, ते सांगते. रेखांशांचा फरक म्हणून मी २४.९६ मधून ९.१३ वजा केले. पण लिस्बन ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे आणि हेलसिंकी पूर्वेला, तेव्हा बेरीज हवी: ३४.०९. वजाबाकीने उत्तर २,६३८ किलोमीटर आलं, आणि दोन दिवस मी ते खरं धरून चालले. सव्वासातशे किलोमीटरचा घोळ! दोऱ्याने मोजलं तेव्हा पकडला गेला. लंडन, पॅरिस ही शहरं ग्रिनिचच्या रेषेला इतकी खेटून आहेत की तिथे ही चूक फारशी दिसत नाही. पोर्तुगाल, स्पेन, आयर्लंड आले की मात्र सांभाळा.

कोनाचे किलोमीटर करणं सोपं. अंशाला ६० ने गुणलं की सागरी मैल होतात, कारण सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढाच धरलेला. ३०.२५ × ६० = १,८१५. १९२९ मध्ये मोनॅकोच्या परिषदेत तो १,८५२ मीटर असा पक्का झाला, म्हणून १,८१५ × १.८५२ = ३,३६१ किलोमीटर. दोऱ्याचे ३,३५७ आणि हे ३,३६१. ताळा जुळला! पुढे मी सरळ ३,३६० धरते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने गोल धरून केलेल्या हिशेबात शेकड्याला अर्ध्यापर्यंत फरक पडू शकतो, पण त्याने आपलं काही अडत नाही.

घेर बरोबर ४०,००० कसा, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. उत्तर युरोपातलंच निघालं. फ्रेंचांनी मीटर ठरवला तोच उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून, आणि त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ अशी वर्षं डंकर्क ते बार्सिलोना पट्टा मोजण्यात घातली. म्हणजे आकडा गोल आला नाही, गोल केलेला आहे.

इतकं नेमकं अंतर हवं कशाला, असं वाटेल. तर पैशासाठी. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात उशिराची भरपाई अंतरावर बेतलेली आहे: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, आणि संघाच्या आतल्या आत त्यापुढे ४०० युरो. उशीर तीन तासांचा हवा, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नको. हे अंतर गोलावरचं, म्हणजे आपल्या दोऱ्याचंच मोजायचं, असं नियमातच लिहिलं आहे. मधे विमान बदललं तरी तुकड्यांची बेरीज करायची नाही. पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांच्यातला दोरा धरायचा. हेलसिंकी ते ॲम्स्टरडॅम काढून पाहा, १,५२० च्या आसपास येतं. वीस किलोमीटरने दीडशे युरोंचा फरक.

आणि पोचण्याची वेळ कोणती धरायची? युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की चाकं टेकली ती नव्हे, उतरायला विमानाचं दार उघडलं ती. एकदा लिस्बनहून परतताना माझं विमान टेकलं तेव्हा दोन तास चोपन्न मिनिटं उशीर झाला होता. मग जागा रिकामी व्हायची वाट बघत आम्ही उभेच. दार उघडलं तेव्हा उशीर तीन तास चार मिनिटं. कंपनीच्या पहिल्या पत्रात टेकण्याची वेळ होती. मी वहीतल्या पानाचा फोटो पाठवला आणि दाराची वेळ विचारली. दुसरं पत्र यायला महिना लागला, पण ४०० युरो आले. दार उघडताना घड्याळ बघायची सवय लावा, एवढंच सांगते.

आता वाटेबद्दल. विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. मार्ग आखणारे, गर्दी, वादळं, लष्करी सरावाच्या जागा, यांमुळे शेकड्याला दोन-चार किलोमीटर जास्त पडतात. मी तीन धरते, म्हणजे ३,३६० चे ३,४६०. पण काही ठिकाणी आकाशच बंद असतं आणि मग हा ठोकताळा चालत नाही. हेलसिंकी आणि अथेन्स जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, अक्षांशांत २२.४ अंशांचा फरक. अंशाला १११ किलोमीटर धरले की २,४८६, कॅल्क्युलेटरसुद्धा नको. ती सरळ रेघ बेलारूसच्या पश्चिम कडेवरून आणि युक्रेनमधल्या ल्विव्ह भागावरून जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि बेलारूसचं युरोपीय कंपन्या त्याआधीपासूनच टाळतात, त्यामुळे विमान पोलंडवरून वाकून जातं. उलट बाजूलाही तेच: मॉस्कोहून कालिनिनग्राडला जाणारी रशियन विमानं पूर्वी लिथुआनियावरून सरळ जात, आता फिनलंडच्या आखाताच्या चिंचोळ्या पट्टीतून वळसा घालून जातात. अशा जोड्यांना अंतर भागिले वेग करून वेळ काढाल तर फसाल.

वेळेचा ठोकताळा असा: अंतर भागिले ८४०, आणि वर अर्धा तास. ८४० हा मध्यम आकाराच्या जेट विमानाचा पस्तीस हजार फुटांवरचा ताशी वेग. तो अर्धा तास धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, हळू चढणं, हळू उतरणं आणि शेवटची वळणं यांचा. आधी सोपं म्हणून दोऱ्याचेच ३,३६० घ्या: ८४० ने भागलं की नेमके चार, म्हणून साडेचार तास. पंख्याच्या छोट्या विमानाला ८४० ऐवजी ५०० धरा.

अंतर कमी होत जातं तसा तो अर्धा तासच सगळं गिळतो. हेलसिंकी ते टॅलिन विमानतळ ते विमानतळ १०० किलोमीटर. जहाजाला दोन तास लागतात. विमान हवेत जेमतेम असतं, पण तिकिटावर अर्धा तास लागतोच. टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं: वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथला विक्रम ५३ सेकंदांचा आहे. तिथे भागाकार करण्यात अर्थ नाही.

मग वारा. या उंचीवर युरोपात वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. लिस्बनहून येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. आमची वाट तिरकी, ईशान्य-नैर्ऋत्य, म्हणून सगळा वारा उपयोगी पडत नाही किंवा आडवा येत नाही. माझ्या वहीवरून मी सरासरी ताशी पन्नास किलोमीटर धरते. येताना ३,४६० भागिले ८९०, म्हणजे तीन तास त्रेपन्न मिनिटं. जाताना ३,४६० भागिले ७९०, म्हणजे चार तास तेवीस. वर अर्धा-अर्धा तास. येताना ४:२३, जाताना ४:५३. अथेन्सच्या वाटेवर वारा कुशीवर येतो, तिथे हा फरक फारसा पडत नाही.

मला आधी वाटायचं, जाताना गमावलं ते येताना मिळतं, एकूण हिशेब सारखाच. तसं होत नाही. ताशी दीडशेचा वारा धरा: जाताना वेग ६९०, येताना ९९०. ३,३६० किलोमीटरला जाऊन-येऊन आठ तासांऐवजी आठ तास सोळा मिनिटं होतात, कारण तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं.

वारा किती आहे हे बसल्या जागी बघता येतं. फोन विमान मोडमध्ये ठेवूनही जीपीएस चालतं. खिडकीची जागा हवी. फोन काचेला टेकवून दोन-तीन मिनिटं न हलवता धरा, उपग्रह सापडायला तेवढा वेळ लागतो. वेग दाखवणारं साधं ॲप आधीच उतरवून ठेवा. गेल्या जानेवारीत येताना बिस्केच्या आखातावर माझ्या फोनवर ९५८ आलं. काच इतकी थंड होती की बोटं बधिर झाली, पण आकडा पेन्सिलीने वहीत उतरवला. ९५८ वजा ८४०: एकशे अठराचा वारा आम्हाला घराकडे ढकलत होता.

आता राहिलं घड्याळ, ज्याने मला उपाशी ठेवलं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. फिनलंड पोर्तुगालच्या दोन तास पुढे, बारा महिने. युरोपीय संघात सगळीकडे घड्याळं एकाच क्षणी बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ग्रिनिचच्या रात्री एकला, त्यामुळे संघातल्या दोन शहरांतला फरक कायम राहतो. संघाबाहेर सावध राहा. आइसलंड घड्याळ बदलतच नाही, म्हणून हेलसिंकी-रेक्याविक हिवाळ्यात दोन तास आणि उन्हाळ्यात तीन. तुर्कस्तानने २०१६ पासून बदलणं सोडलं, म्हणून इस्तंबूल उन्हाळ्यात आमच्याबरोबर आणि हिवाळ्यात तासभर पुढे. नकाशावर बघून अंदाज करू नका. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला असून १९४० पासून मध्य युरोपाच्या घड्याळावर चालतं. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ तोच प्रयोग केला आणि सोडून दिला. आणि अझोरेस बेटं पोर्तुगालची असली तरी लिस्बनच्या एक तास मागे असतात.

माझा नियम: पोचण्याची वेळ आधी निघण्याच्या गावच्या घड्याळात बदलायची, मगच वजाबाकी. लिस्बनचे १०:५५ म्हणजे हेलसिंकीचे १२:५५. त्यातून ७:५० गेले, उरले ५:०५. येतानाचं तिकीट ११:४० ते १८:२०. हेलसिंकीचे १८:२० म्हणजे लिस्बनचे १६:२०, उरले ४:४०. माझ्या हिशेबाने ४:५३ आणि ४:२३. जाताना बारा, येताना सतरा मिनिटं शिल्लक. ही शिल्लक कंपन्या मुद्दाम ठेवतात, म्हणजे थोडं रखडलं तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं. हेलसिंकीत हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ धुवायलाच त्यातली बरीचशी जातात.

विमानतळ ज्या शहराचं नाव लावतो त्या शहरात असेलच असं नाही, हेही याच हिशेबात धरा. लिस्बनचा जवळजवळ शहरातच आहे, उतरताना घरांची छपरं दिसतात. पण ऑस्लोच्या नावाने विकलं जाणारं तोर्प शहरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर, पॅरिसचं बोव्हे पंचाऐंशीवर, फ्रँकफर्टच्या नावाचं हान सव्वाशेच्या घरात. तिथे विमानात वाचवलेली चाळीस मिनिटं बसमध्ये दुपटीने जातात.